विहाराचा स्लॅब आणि दुरुस्तीचा मसाला

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आपल्या गावोगावी जी विहारे उभी राहिली, त्यांतील पुष्कळशी सुरुवातीला मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या छपराची होती. पुढे वर्गणी जमली. कुणी रेती दिली, कुणी गिट्टी दिली, ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याने अंगमेहनत दिली आणि स्लॅब टाकला गेला. असे कितीतरी स्लॅब आज तीस-चाळीस वर्षांचे झाले आहेत. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यानंतर लगेच तिकडे बांधलेल्या शाळा, वसतिगृहे, समाजमंदिरे यांचेही वय तेवढेच. परंतु स्लॅबलाही म्हातारपण असते, ही गोष्ट आपल्या कार्यकारिणीच्या सभेत क्वचितच निघते. रंगरंगोटी, टाइल्स, लाऊडस्पीकर यांवर तास-तास चर्चा होते, छताकडे मान वर करून कुणी पाहत नाही.

एका विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही जे पाहिले ते येथे सांगणे आवश्यक वाटते. रात्री छताचा घमेलेभर तुकडा बाकावर पडला होता. आदल्या संध्याकाळी त्याच बाकावर एक विद्यार्थिनी अभ्यासाला बसली होती. पडलेला तुकडा जुना नव्हता. दोनच वर्षांपूर्वी बुद्धजयंतीच्या तोंडावर मारलेले ते प्लास्टर होते आणि त्याच्या पाठीला गंजाचा थर चिकटून आला होता. म्हणजे मिस्त्रीने गंजक्या सळईवरच माल थापला आणि वरून चुना मारला. बल्लारशाह रेल्वे स्थानकावर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी पादचारी पुलाचा काही भाग कोसळून एका शिक्षिकेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. तो पूल होता, विहार नव्हे. पण काँक्रीट निखळल्यावर किती वेळ हाती उरतो, हे त्या दिवशी आपल्या जिल्ह्याने पाहिले.

सळई गंजते का, हे आधी समजून घेऊ. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३ च्या आसपास असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो व ती गंजत नाही. हवेतील कर्बद्विप्राणिद वायू वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो आणि काँक्रीटचा हा गुण कमी करीत जातो. सामू ९ च्या खाली आला की पापुद्रा टिकत नाही. त्यात पावसाळ्यात गच्ची गळत असेल तर पाणीही मिळते. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा घेते. त्या दाबाने सळईखालचे काँक्रीट फुटून पोपडा सुटतो. समुद्रकाठी हेच काम खारे मीठ फार वेगाने करते. गोव्यातील मांडवी नदीवरचा पूल १९८६ साली कोसळला तो आतील पोलादी तारा गंजल्यामुळे. आपल्याकडे समुद्र नाही, पण सळईखाली धड १५ मिलिमीटरही कव्हर न सोडता टाकलेले स्लॅब मात्र पुष्कळ आहेत.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना फिनॉल्फ्थॅलिन माहीत असते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडावे. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून शाबूत आहे, रंग आला नाही तर त्याचा अल्कधर्म गेला. हा गुलाबी रंग सळईच्या अलीकडे सुरू होतो की पलीकडे, यावरून बरेच कळते.

दुरुस्तीची सुरुवात वरून करावी, खालून नव्हे. आधी गच्चीची गळती बंद करा, पाण्याचा उतार व नळी साफ करा. पॅरापिटच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले तर बोधिवृक्ष म्हणून कुणी उपटत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. ते मुळासकट काढून अंगणात लावावे. तेथे त्याला अधिक आयुष्य आहे आणि स्लॅबलाही.

नंतर स्लॅबला खालून टेकू देऊन हातोडीने ठोकून पाहावे. बद आवाज येतो तो सर्व भाग छन्नीने काढावा, आणि सळईच्या मागेही सुमारे २० मिलिमीटर जागा मोकळी होईपर्यंत काढावा. याच ठिकाणी बहुतेक मिस्त्री कंटाळा करतात. सळईचा समोरचा भाग घासून पाठ तशीच ठेवली, तर गंज मागून पुढे येतोच. तारेच्या ब्रशने सळई चकचकीत करावी व गंजरोधक लेप द्यावा. सळई किती उरली तेही मोजावे. १० मिलिमीटरची सळई ९ वर आली तर पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, पण तिचे क्षेत्रफळ १९ टक्के घटलेले असते. ८ वर आली तर ३६ टक्के. चतुर्थांशाच्या आसपास गेले असेल तर शेजारी नवी सळई पुरेशा लॅपने बांधावी लागते. खड्ड्याच्या कडा उभ्या कापाव्यात. निमुळत्या कडेवर माल धरत नाही.

आता मसाल्याची निवड. ‘सिमेंट जास्त टाका, मजबूत होईल,’ असे सर्रास म्हटले जाते. ते चुकीचे आहे. सिमेंट जास्त झालेला माल वाळताना अधिक आकसतो, त्याला बारीक तडे जातात व तो जुन्या काँक्रीटपासून सुटतो. दुरुस्तीचा मसाला सर्वांत मजबूत असण्यापेक्षा जुन्या काँक्रीटशी जुळणारा असावा. दोघे सारखे तापले, सारखे वाढले, तरच एकत्र राहतील. इपॉक्सीचा मसाला ताकदीने भारी, परंतु उष्णतेने तो काँक्रीटच्या कितीतरी पट फुगतो आणि साधारण ६० अंशांच्या आसपास अनेक इपॉक्सी नरम पडू लागतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात गच्ची किती तापते हे येथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून उन्हाखालच्या स्लॅबच्या मोठ्या जखमेला इपॉक्सी आम्ही सुचवणार नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद सिमेंटमध्ये कालवणारेही भेटतात. ओल लागली की तो पुन्हा विरघळतो, त्यापासून दूरच राहावे.

१० ते ४० मिलिमीटर खोलीच्या कामाला एसबीआर किंवा अॅक्रिलिक लेटेक्स घातलेला १:३ चा सिमेंट-रेतीचा मसाला बरा. सिमेंटच्या एका पोत्याला साधारण ५ ते १० लिटर लेटेक्स लागते. नेमके प्रमाण डब्यावर असते, तेच पाळावे. तयार मिश्रणाची पोतीही मिळतात. महाग पडतात, पण मिस्त्रीच्या अंदाजावर काही सोडावे लागत नाही. खोली जास्त असेल किंवा कॉलमभोवती भरायचे असेल, तर सेंट्रिंग लावून मायक्रोकाँक्रीट ओतावे. रेती नदीची असली तरी धुऊन घ्यावी. बाटलीत रेती आणि पाणी हलवून ठेवले की वर बसणारा गाळाचा थर डोळ्यांनी दिसतो.

लावताना जुने काँक्रीट आधी भरपूर पाणी प्यालेले असावे, पण वर पाणी चमकता कामा नये. लेटेक्स-सिमेंटचा लेप मारावा आणि तो ओला असतानाच मसाला दाबून भरावा. लेप वाळला तर तो जोडण्याऐवजी तोडण्याचे काम करतो. छताला एका वेळी १० ते १५ मिलिमीटरच थर द्यावा, तो धरल्यावर खरवडून दुसरा. अर्ध्या तासात संपेल इतकाच माल कालवावा. उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. लेटेक्सच्या मसाल्याला एक-दोन दिवस ओले पोते बांधावे व नंतर सावलीत वाळू द्यावे. साध्या सिमेंटच्या मालाला मात्र किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस पाणी हवे.

कॉलमच्या कोपऱ्यांत सळईच्या रेषेत उभे तडे असतील, स्लॅब मध्ये झुकला असेल, किंवा निम्म्याहून अधिक छत ठोकल्यावर बद वाजत असेल, तर मिस्त्रीला बोलावूच नये. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे आणि त्यासाठी त्याची फी देणे हा अपव्यय नव्हे. आपल्या समाजातली कितीतरी मुले आज स्थापत्य अभियंते आहेत. कार्यकारिणीने पत्र द्यावे, ती येतील. तोवर अभ्यासिकेचे बाक त्या छताखालून हलवावेत, दाराला कुलूप लावावे आणि किल्ली अध्यक्षांनी स्वतःकडे ठेवावी.