प्रथिन फॉस्फेटेज २ए
प्रथिन फॉस्फेटेज २ए : प्रथिनांतील सेरीन व थ्रिओनीन या ॲमिनो अम्लांना जोडलेला फॉस्फेट गट काढून टाकणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियेचा वेग वाढविणारे प्रथिन). फॉस्फेट गट जोडणाऱ्या एंझाइमांना कायनेजे म्हणतात. प्रथिनांचे कार्य या उलटसुलट होणाऱ्या विक्रियांनी नियंत्रित होते, हे ई. एच. फिशर व ई. जी. क्रेब्ज यांनी दाखविले (नोबेल पारितोषिक, १९९२). दीर्घकाळ संशोधकांचे लक्ष कायनेजांकडेच होते व फॉस्फेटेजे दुय्यम मानली जात. हे मत आता टिकण्यासारखे नाही.

या एंझाइमात आधारभूत ए, उत्प्रेरक सी व बदलता बी असे तीन उपघटक असतात. कोणत्या प्रथिनावर क्रिया व्हावयाची ते मुख्यतः बी ठरवितो. एसव्ही ४० व्हायरसाचे लघू टी प्रतिजन ए उपघटकाला चिकटून बी उपघटकाला हुसकावते. ओकाडाइक अम्ल हे सागरी विष उत्प्रेरक उपघटकाचे कार्य रोखते आणि उंदरांच्या त्वचेवर अर्बुदांच्या (गाठींच्या) वाढीस चालना देते. यांवरून हे एंझाइम अर्बुदरोधक असल्याचे सूचित झाले.

जीन प्रतिलेखनास (डीएनएवरील संदेशाची आरएनए रूपात प्रत होण्यास) आरंभ झाल्यावर आरएनए पॉलिमरेज २ हे एंझाइम २० ते ६० न्यूक्लिओटाइडे जोडून बहुधा थबकते. मानवात त्याच्या शेपटीत सात ॲमिनो अम्लांचा क्रम ५२ वेळा येतो. सीडीके ९ हे कायनेज या शेपटीवर व सहकारी प्रथिनांवर फॉस्फेट गट जोडते आणि प्रतिलेखन पुढे सरकते. उलट, ‘इंटिग्रेटर’ हा अनेक प्रथिनांचा समूह प्रस्तुत फॉस्फेटेजाचे ए व सी उपघटक तेथे आणून ते गट काढवितो.

सीडीके ९ रोखणाऱ्या औषधांचा एक उगम मुंबईच्या मुलुंड उपनगरात आहे. तेथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी डायसोझायलम बायनेक्टॅरिफेरम या निंब कुलातील वृक्षापासून रोहिटुकीन अलग केले व १९८८ मध्ये त्याच्या संश्लेषणाचे वर्णन प्रसिद्ध केले. शोध दाहरोधक द्रव्याचा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच संरचनेवरून फ्लॅव्होपिरिडॉल तयार झाले. मानवावरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेले ते या वर्गातील पहिले औषध होय. रक्ताच्या कर्करोगात ते परिणामकारक दिसले, तरी त्याची विषाक्तता तीव्र होती.

मेलबर्न येथील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले की, इंटिग्रेटरातील आयएनटीएस ६ हे प्रथिन नष्ट झालेल्या कर्ककोशिका सीडीके ९ रोधकांना दाद देत नाहीत. फॉस्फेट जोडणे औषधाने मंदावले, तरी ते काढणारे एंझाइम जागेवर नसल्याने प्रतिलेखन चालूच राहते. फॉस्फेटेजाला उत्तेजित करणारे द्रव्य जोडीने दिल्यास मात्र उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर दोहोंचा परिणाम वाढतो.