तीस मिनिटांतील चार उतारे



आपल्या बालाघाट जिल्ह्यात, लांजीकडे म्हणा की कटंगीकडे, पाचवीत शिकणाऱ्या एखाद्या मुलाचा नवोदय विद्यालयाच्या प्रवेश-परीक्षेचा अर्ज भरला गेला म्हणजे त्या घरात एक नवी आशा वस्तीस येते. ती आशा अवास्तव नव्हे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ज्यांचा पुरस्कार केला, त्या या निवासी विद्यालयांत सहावीपासून बारावीपर्यंत राहण्याचा, जेवणाचा व पुस्तकांचा भार शासन उचलते, आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. आपल्या जिल्ह्याचे असे विद्यालय वारासिवनीस आहे. मात्र सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एका मुलास आयुष्यात एकदाच देता येते. म्हणूनच त्या दोन तासांचा हिशेब आधीपासून मांडून ठेवणे अगत्याचे ठरते.

हा हिशेब असा आहे. एकूण ८० प्रश्न, १०० गुण आणि १२० मिनिटे. बौद्धिक क्षमतेचे ४० प्रश्न, त्यांस ६० मिनिटे. अंकगणिताचे २० प्रश्न, त्यांस ३० मिनिटे. आणि भाषेचे २० प्रश्न, त्यांसही ३० मिनिटे. भाषेच्या भागात चार उतारे असून प्रत्येकावर पाच प्रश्न विचारलेले असतात. प्रत्येक प्रश्नास सव्वा गुण. म्हणजे नुसत्या वाचनाच्या बळावर २५ गुण पदरात पडू शकतात.

आता गंमत अशी की, पालक गणिताला भितात आणि भाषेविषयी निश्चिंत राहतात. ‘वाचता तर येतेच’ असे म्हणून तो भाग सोडून दिला जातो. परिणामी मूल आकृत्यांच्या कोड्यांत व भागाकारांत अडकते, भाषेपाशी पोहोचते तेव्हा तीसांपैकी पंधराच मिनिटे उरलेली असतात, आणि जे गुण सहज मिळावयाचे तेच हातचे जातात. तेव्हा पहिला नियम हा की, भाषेची तीस मिनिटे ही भाषेचीच; ती दुसऱ्या भागास उसनी देऊ नयेत.

या तीस मिनिटांतील दोन मिनिटे अखेरच्या तपासणीसाठी बाजूस काढावी. राहिली अठ्ठावीस, म्हणजे प्रत्येक उताऱ्यास सात. त्यांतील दोन मिनिटे वाचनास, चार मिनिटे पाच प्रश्नांस आणि एक मिनिट उत्तरपत्रिकेवरील गोल नीट भरण्यास द्यावे. गोल उतारा संपताच भरावे. सगळे अखेरीस भरू म्हटले की घाईत ओळ चुकते, आणि एकदा भरलेले उत्तर बदलण्याची मुभा नसते.

उतारा आधी वाचावा की प्रश्न आधी, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. दहा वर्षांच्या मुलाने छोटा उतारा आधी वाचावा, हेच मला श्रेयस्कर वाटते. पाच प्रश्न मनात धरून वाचू लागले की लक्ष प्रश्नांकडे राहते आणि उताऱ्याचा धागा सुटतो. एकदा सलग, न थांबता वाचावे. कठीण शब्द आला तरी तेथे तळ ठोकू नये. पुढचे वाक्य बहुधा त्याचा अर्थ सांगून जाते.

एक नमुना पाहू. समजा, उतारा असा आहे : ‘वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते. बालाघाटजवळून वाहत ती महाराष्ट्रात उतरते. वर्धा नदी तिला मिळाली की त्या संयुक्त प्रवाहास प्राणहिता म्हणतात. पावसाळ्यात तिचे पाणी काठच्या शेतांत शिरते. पण ओसरताना ते गाळ मागे ठेवून जाते. म्हणून काठचा शेतकरी तिला भितोही आणि तिचा ऋणीही असतो.’

‘वैनगंगेस कोणती नदी मिळते?’ या प्रश्नाचे उत्तर बोट ठेवून दाखविता येते. त्यास अर्धे मिनिट पुरे. ‘शेतकरी ऋणी का?’ यासाठी शेवटची दोन वाक्ये जोडावी लागतात; तेथे मिनिटभर द्यावे. शीर्षक निवडावयाचे असेल तर एकाच वाक्यापुरते असलेले ‘वर्धा नदी’ हे शीर्षक टाकून सबंध उताऱ्यास पुरणारे घ्यावे. आणि ‘उताऱ्यावरून बालाघाटविषयी काय कळते?’ असे विचारून पर्यायांत ‘तेथे मँगनीजची खाण आहे’ असे दिले असेल, तर सावध राहावे. भरवेलीची खाण आपल्या मुलांस ठाऊक असते. गोष्ट खरी आहे, पण ती उताऱ्यात नाही. उत्तर जगातून नव्हे, उताऱ्यातून द्यावयाचे असते. ज्या दोन पर्यायांवर मूल अडून बसते, त्यांपैकी एक पुष्कळदा याच जातीचा असतो.

आपल्या सीमाभागातील मुलांपुढे आणखी एक अडचण असते. १९५६ मध्ये प्रांतांची पुनर्रचना झाली, शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथे कित्येक घरांत बोली मराठी किंवा पोवारी, तर शाळा हिंदी. लिपी एकच, शब्दही तेच. पण अर्थ मात्र निराळे. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतील शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच. घाईत वाचणारे मूल अशा शब्दापाशी ठेचकाळते, वाक्य पुन्हा वाचते, आणि मिनिट निघून जाते. अशा शब्दांची एक छोटी वही मुलाने स्वतः करावी. ज्या भाषेत परीक्षा द्यावयाची, त्याच भाषेत रोज एक उतारा वाचावा.

पालक म्हणतील, आम्ही फारसे शिकलेलो नाही, आम्ही काय करणार? पुष्कळ करता येईल. घड्याळ हाती घेऊन बसावे. मुलाने उतारा मनात वाचावा, ओठ न हलविता. कारण मोठ्याने वाचणाऱ्यास जिभेच्या वेगाने चालावे लागते, आणि परीक्षागृहात तशी सोयही नसते. दोन मिनिटे झाली की पुस्तक मिटावे आणि मुलास म्हणावे, ‘बाळ, काय वाचलेस ते मला सांग.’ घरच्या बोलीत त्याने ते नीट सांगितले, तर त्यास उतारा कळला. आईला अक्षर येत नसले तरी ही परीक्षा तिला उत्तम घेता येते. महिन्या-दोन महिन्यांत सात मिनिटे म्हणजे किती, हे मुलाच्या अंगवळणी पडते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत; म्हणून एकही गोल कोरा ठेवू नये. पुढे मात्र नियम बदलतात. विधी महाविद्यालयांच्या क्लॅट परीक्षेत डिसेंबर २०२३ पासून १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, ते बहुतांशी उताऱ्यांवरच आधारलेले, आणि चुकीस पाव गुण कापला जातो. तेथे न कळलेला प्रश्न सोडून देणे हेही शहाणपण ठरते. पण सलग वाचावे, उताऱ्यातलेच उत्तर द्यावे, एका प्रश्नापायी चार गमावू नयेत, या सवयी तेथेही त्याच.

सगळीच मुले निवडली जाणार नाहीत, हे उघड आहे. एका विद्यालयात वर्षाला साधारण ऐंशीच जागा असतात. परंतु जे मूल लक्ष देऊन वाचावयास आणि वाचलेले आपल्या शब्दांत सांगावयास शिकले, त्याचे ते शिकणे कोणत्याही निकालाने हिरावून घेतले जात नाही. तेव्हा आज संध्याकाळी दिवा लागला की एक उतारा काढा, घड्याळ समोर ठेवा आणि मुलाजवळ बसा.