शक्तिनलिका बदलल्याने गिटारचा नाद किती बदलतो?

लासूर स्टेशन हे मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. तेथील एका तरुण गिटारवादकाने विभागाकडे एक पृच्छा केली आहे. त्याच्यापाशी निर्वात नलिकांवर चालणारा एक जुना विवर्धक आहे. त्यात ६एल६ जातीच्या दोन शक्तिनलिका बसविलेल्या आहेत. नाद कोरडा वाटतो, अशी त्याची तक्रार आहे. आणि त्या काढून ईएल३४ जातीच्या नलिका बसविल्यास तो भरदार होईल, असे त्याला कोणी सांगितले आहे. नलिकांची जोडी मुंबईहून मागवावी लागणार आणि तिच्यापायी साठविलेली बरीचशी रक्कम खर्ची पडणार. तेव्हा हा खर्च करावा की नाही, एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे आहे. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात पैशाची, यंत्राच्या सुरक्षिततेची आणि क्वचित जिवाचीही गोष्ट गुंतलेली असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्हांस इष्ट वाटले.

प्रथम नलिकेचे कार्य पाहू. कारागीर जिला व्हॉल्व्ह म्हणतात त्या नलिकेत एक ऋणाग्र असते. ते तापविले म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि काही शतक व्होल्ट धन दाब असलेल्या पट्टिकेकडे ओढले जातात. वाटेत तारेची एक विरळ जाळी असते. तिच्यावरील दाब थोडासा कमीअधिक केला की पट्टिकेकडे जाणारा प्रवाह पुष्कळ कमीअधिक होतो. गिटारच्या तारेचा क्षीण विद्युत् संदेश आधीच्या लहान नलिकांनी वाढवून या जाळीवर आणून सोडला, की शक्तिनलिका ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ती पुरविते. नलिकेचा दाब मोठा व प्रवाह लहान. ध्वनिक्षेपकास मात्र लहान दाब व मोठा प्रवाह हवा. हा मेळ निर्गम रोहित्र घालून देते. म्हणजे ध्वनीची शक्ती नलिका, रोहित्र व ध्वनिक्षेपक या तिघांच्या सहकार्यातून निर्माण होते. त्यांपैकी एकट्या नलिकेला नादाचे श्रेय अथवा दोष देणे शास्त्राला धरून होत नाही.

याच जातीच्या नलिका आपल्याकडे गिटारच्या पुष्कळ आधी सभामंडपांत आणि जत्रांत पोचल्या होत्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर झालेल्या काँग्रेसच्या अधिवेशनासाठी शिकागो रेडिओ या मुंबईच्या पेढीने ध्वनिक्षेपणाची व्यवस्था केली होती, ती निर्वात नलिकांच्याच बळावर. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये नलिकांचे उत्पादन सुरू केले. परंतु सभेच्या यंत्राचा आणि गिटारच्या यंत्राचा धर्म निराळा आहे. वक्त्याचा आवाज जसा असेल तसाच मोठा करणे हे पहिल्याचे कर्तव्य. त्यात विकृती येणे हा दोष. गिटारवादक मात्र विवर्धकास त्याच्या शक्तीच्या सीमेवर नेतो. तेथे तरंगांचे माथे कापले जातात, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट व त्याहून अधिक कंप्रतेचे उपस्वर त्यात मिसळतात, आणि त्या मिश्रणालाच तो नाद म्हणून स्वीकारतो. नलिकेनलिकेतील भेद प्रामुख्याने या सीमेवर कानाला जाणवतात. घरात हळू आवाजात वाजविताना शक्तिनलिका आपल्या सरळ पट्ट्यातच काम करीत असते. तेव्हा ते भेद फारच अल्प राहतात.

आता दोन्ही जातींची तुलना करू. ६एल६ ही अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९३६ मध्ये आणलेली नलिका. ईएल३४ ही फिलिप्स व मलर्ड यांची १९४९ ची. पहिलीचा नाद मोकळा व स्वच्छ, दुसरीचा मध्यस्वरांत दाट, अशी ख्याती आहे. तिच्यात तथ्य आहे. पण ही ख्याती बव्हंशी त्या त्या नलिका ज्या विवर्धकांत वापरल्या गेल्या त्यांची आहे. ६एल६ म्हणताच अमेरिकन फेंडर आठवतो, ईएल३४ म्हणताच ब्रिटिश मार्शल. आणि गंमत अशी की, १९६२ मध्ये तयार झालेला पहिला मार्शल फेंडरच्या बासमन या विवर्धकाच्या नकाशावरून बेतलेला होता व त्यात आरंभी ६एल६ च्याच कुळातील ५८८१ ही नलिका होती. ब्रिटनमध्ये सहज मिळणारी ईएल३४ त्यात स्थिरावली ती १९६६ च्या सुमारास. म्हणजे ज्या फरकाचे श्रेय आपण नलिकेला देतो, त्यात रोहित्र, ध्वनिक्षेपक, पेटी व स्वरनियंत्रणाचे मंडल यांचाही वाटा असतो.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. जाळीवर कायमचा एक ऋण दाब ठेवावा लागतो. कारागीर त्याला बायस म्हणतात. त्यामुळे वादन चालू नसतानाही पट्टिकेतून किती प्रवाह वाहावा हे ठरते. हा प्रवाह फार कमी ठेवला तर नाद खरखरीत व निर्जीव होतो. फार वाढविला तर पट्टिका लाल होऊन नलिका अल्पायुषी ठरते. समजा, पट्टिकेवर ४२० व्होल्ट आहेत. ६एल६जीसी या सुधारित नलिकेची पट्टिका ३० वॅट उष्णता सोसू शकते. तिच्या शेकडा ७० भाग, म्हणजे २१ वॅट, ही सुरक्षित मर्यादा धरल्यास २१ भागिले ४२०, म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रवाह येतो. ईएल३४ ची सोसण्याची शक्ती २५ वॅट. तोच हिशेब केल्यास तिला सुमारे ४२ मिलिअँपिअरच द्यावयास हवेत. शिवाय दोन्हींच्या जाळ्यांची संवेदनशीलता भिन्न असल्यामुळे एकीसाठी लावलेला ऋण दाब दुसरीला जुळत नाही. म्हणून नलिका बदलल्यावर बायस पुन्हा मोजून लावणे अपरिहार्य आहे. ‘नवी जोडी बसविताच नाद खुलला’ असे जे सांगितले जाते, त्यात पुष्कळदा जुन्या जोडीचा बायस चुकलेला होता, एवढाच अर्थ असतो.

बायस लावला म्हणजे झाले, असेही नाही. प्रत्येक ६एल६ आपल्या तापतारेसाठी ६.३ व्होल्टवर ०.९ अँपिअर घेते. ईएल३४ घेते १.५ अँपिअर. दोन नलिकांचा विचार करता १.८ च्या जागी ३ अँपिअर लागतात, आणि हा वाढीव भार वीजरोहित्राला झेपेलच असे नाही. दोन्ही नलिका एकाच आठ छिद्रांच्या खोबणीत बसतात हे खरे, पण ईएल३४ ची एक आतली जाळी पहिल्या पायावर निघते व तो पाय आठव्याशी जोडावा लागतो. ६एल६ मध्ये पहिला पाय रिकामा असल्यामुळे काही विवर्धकांत त्या ठिकाणी निराळेच जोड टाकलेले आढळतात. तेथे ईएल३४ नुसती खोचणे म्हणजे यंत्रास अपाय करणे होय.

लासूर स्टेशनसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कृषिपंप चालू असता विजेचा दाब उतरणे आणि रात्री भार हटताच तो चढणे, हा ग्रामीण भागातील परिचयाचा अनुभव आहे. २३० व्होल्टसाठी बांधलेल्या यंत्रास २०० व्होल्टच मिळाले, तर तापतारेवर ६.३ ऐवजी सुमारे ५.५ व्होल्ट येतात आणि पट्टिकेवरील ४२० चे ३६५ होतात. उलट, दाब २५० वर गेल्यास हेच आकडे ६.८ व ४५६ च्या घरात पोचतात. तापतारेचा दाब नेमलेल्या मापाच्या शेकडा दहापेक्षा अधिक खाली वा वर जाऊ नये, असा दंडक आहे. पहिल्या उदाहरणात तो मोडलाच. अशा स्थितीत तीच नलिका सायंकाळी आणि मध्यरात्री दोन निराळ्या नलिकांप्रमाणे वागते. नादातील कोरडेपणाचा उगम येथे असेल, तर मुंबईहून कितीही उत्तम जोडी आणली तरी तो जाणार नाही.

म्हणून पृच्छकास आमचे सांगणे पुढीलप्रमाणे आहे. आधी आठवडाभर, वादनाच्या वेळी, घरातील विजेचा दाब मोजून लिहून ठेवावा आणि तो अस्थिर असल्यास पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा. नंतर जाणत्या कारागिराकडून आहे त्याच नलिकांचा बायस तपासून घ्यावा. तिसऱ्या पायरीस एखाद्या मित्राचा ध्वनिक्षेपक तात्पुरता जोडून पाहावा. मात्र त्याचा संरोध विवर्धकावर लिहिलेल्या ओहमइतकाच असावा. ध्वनिक्षेपक बदलल्याने होणारा फरक नलिकेच्या फरकाहून बहुधा मोठा असतो. एवढे करूनही समाधान न झाल्यास आणि नलिका झिजलेल्या ठरल्यास त्याच जातीची जुळविलेली जोडी घ्यावी. ईएल३४ चा विचार, रोहित्राची क्षमता व खोबणीचे जोड तपासल्यानंतरच करावा.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. तोच तुकडा, तेवढ्याच मोठ्या आवाजात, दोन्ही जोड्यांवर ध्वनिमुद्रित करावा आणि कोणता कोणत्या जोडीचा हे न सांगता दुसऱ्याकडून ऐकवून घ्यावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. आणि पैसे मोजून आणलेल्या वस्तूकडे मनाचा ओढा असतो, तो वेगळाच.

शेवटी जिवाची गोष्ट. वीज बंद करून तार काढल्यानंतरही विवर्धकातील कपॅसिटरांत चारशे व्होल्टपर्यंतचा भार साठून राहू शकतो आणि त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. पेटी उघडण्याचे काम तो भार उतरविता येणाऱ्या कारागिराकडेच सोपवावे. तसेच ध्वनिक्षेपक जोडल्यावाचून नलिकांचा विवर्धक कधीही चालवू नये. निर्गम रोहित्र जळते. भारतात या नलिका आज तयार होत नाहीत. स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांतून त्या येतात, आणि २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाचा पुरवठा विस्कळीत झाला तेव्हा त्यांची टंचाई जगभर भासली. जळालेली जोडी पुन्हा मिळविणे हे लासूर स्टेशनच्या वादकास सोपे नाही. म्हणूनच मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम त्याने सोडू नये.