खुर्चीमागे उभा राहिलेला ग्रँडमास्टर

२२ सप्टेंबर २०२४. बुडापेस्टमध्ये भारतीय महिला संघाने अझरबैजानला ३.५-०.५ असे हरवले आणि बुद्धिबळ ऑलिम्पियाडचे सुवर्णपदक आपल्या मुलींनी पहिल्यांदाच जिंकले. या संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. अकरा फेऱ्यांत त्यांनी एकही मोहरा हलवला नव्हता. तरीही त्यांच्या आजवरच्या वाटचालीचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

कुंटे यांचा जन्म १९७७ सालचा. आज लहान मुलेही मोबाइलवरच्या इंजिनाकडून आपला डाव तपासून घेतात. कुंटे वाढले त्या काळात पुस्तके, वही आणि समोर बसायला तयार असलेला खेळाडू एवढीच शिदोरी असे. १९९७ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले आणि २००० मध्ये पुन्हा. त्याच वर्षी त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला. आनंद (१९८८), दिब्येंदू बरुआ (१९९१) आणि प्रवीण ठिपसे (१९९७) यांच्यानंतरचे ते देशातले चौथे. पहिले चार ग्रँडमास्टर घडायला बारा वर्षे लागली होती. २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचा क्रमांक ८८वा होता.

२००३ मध्ये एडिंबरात कुंटे यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. आदल्या वर्षी ते भारताच्याच आर. बी. रमेश यांनी जिंकले होते. त्यानंतर या स्पर्धेचे दार राष्ट्रकुलातल्या पाहुण्यांसाठी बंद झाले. पुढे रमेश आणि कुंटे हे दोघेही प्रशिक्षणाकडे वळले आणि पुढच्या पिढीच्या कामी आले, हे मला फार मोलाचे वाटते.

न खेळणाऱ्या कर्णधाराचे काम बाहेरून सोपे दिसते, पण ते तसे नाही. डाव चालू असताना खेळाडूने बरोबरी मागावी का, समोरून आलेली बरोबरी घ्यावी का किंवा डाव सोडावा का, एवढेच तो सुचवू शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षरही काढता येत नाही. उंट अडकलेला डोळ्यांसमोर दिसत असतो आणि तोंड मिटून उभे राहायचे असते. त्याची खरी चाल फेरीच्या आधी झालेली असते. पाचांपैकी आज कोणत्या चौघी बसणार, हे त्याला ठरवायचे असते.

२०२२ मध्ये चेन्नईच्या ऑलिम्पियाडमध्ये कुंटे यांचा संघ शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. त्या दिवशी अमेरिकेकडून हार झाली आणि सुवर्ण हुकले. कांस्य मिळाले, आणि महिला संघाचे ऑलिम्पियाडमधले ते पहिले पदक होते, पण हातातोंडाशी आलेला घास गेला होता. बुडापेस्टमध्येही सलग सात विजयांनंतर पोलंडने हरवले. पुढच्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी साधता आली ती संघातल्या वंतिकाच्या विजयामुळे. मग चीनला नमवले. संघातली हरिका पोलंडविरुद्ध हरली होती आणि स्पर्धेत तिचा सूर पुरता लागलेला नव्हता. तरी शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर तीच बसली, आणि तिने आपला डाव जिंकला. पडत्या काळात खेळाडूवरचा विश्वास ढळू न देणे हेच कर्णधाराचे कसब.

त्याआधीच २०२१ च्या ध्यानचंद पुरस्काराने कुंटे यांच्या वाटचालीची दखल घेतली होती. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिला ग्रां प्री झाली, कोनेरू हम्पीने ती जिंकली. या स्पर्धेच्या आयोजनातही कुंटे पुढे होते. घड्याळे, दिवे, शांतता, खेळाडूंची राहण्याची सोय, सगळे बिनचूक हवे. आयोजन नीट झाले तर आयोजकाकडे कोणाचे लक्षही जात नाही.

आमच्या परभणीत रविवारच्या स्पर्धेला गेलो की एक गृहस्थ दिसतात. मुले येण्याआधी ते गुंडाळलेले पट उलगडतात, पांढरे-काळे मोहरे मांडतात, एखादे प्यादे कमी असेल तर खिशातून काढून ठेवतात. जिंतूर, सेलू, गंगाखेडहून आलेली पोरे थेट खेळायला बसतात. पट कोणी मांडला, हे विचारायची त्यांना गरज पडत नाही. कुंटे यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला हे गृहस्थ आठवतात. जिल्ह्याला ग्रँडमास्टर हवाच. पण तो मिळाला, तर त्यानेही एक दिवस असा पट मांडावा.