जुना पासपोर्ट रद्दीत टाकू नका

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आजी-आजोबांनी अमेरिकेला जावे, ही गोष्ट आता किन्हवलीच्या पंचक्रोशीतही नवलाची राहिलेली नाही. अडचण येते ती दुसऱ्या नातवंडाच्या वेळी. कपाटातून पासपोर्ट काढावा तर त्याची मुदत संपलेली, आणि आतल्या व्हिसाची अजून सहा वर्षे बाकी! आता पुन्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यायची का, या काळजीने घरात कोणाला झोप लागत नाही.

मुलाखतीची गरज नाही. नवा पासपोर्ट मात्र हवाच.

दोन वेगळ्या मुदती

मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. भारतीयांना मिळणारा अमेरिकेचा पर्यटक व्हिसाही बहुधा १० वर्षांचाच. पण पासपोर्ट काढून सहा वर्षे झाल्यावर व्हिसा मिळाला, तर पासपोर्ट आधी संपणार हे उघड आहे. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. अशा वेळी अमेरिकेचा नियम सरळ आहे. दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे असावेत, व्हिसा रद्द झालेला नसावा, त्याचे पान फाटलेले किंवा भिजून खराब झालेले नसावे, आणि प्रवासाचे कारण व्हिसात लिहिले आहे तेच असावे. एवढे असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट घेऊन जाता येते. हौसेने व्हिसाचे पान कापून नव्या पासपोर्टात चिकटवले, तर तो व्हिसा बाद होतो.

नवा पासपोर्ट काढताना

जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट काढण्याला पासपोर्ट कार्यालय ‘रीइश्यू’ म्हणते. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, आणि तसा तो करावाच. कारण अनेक देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, मिळालेल्या तारखेला आसनगावहून लोकल धरून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले पासपोर्ट सेवा केंद्र गाठायचे. पोलीस पडताळणी लागलीच, तर ती किन्हवली पोलीस ठाण्यातून होते.

केंद्रात जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात. त्या खिडकीवर तोंड उघडून सांगा, ‘साहेब, यात चालू व्हिसा आहे.’ आपली माणसे सरकारी खिडकीपाशी गप्प उभी राहतात. इथे गप्प राहू नका. पासपोर्टवर ‘रद्द’चा शिक्का पडला म्हणून परक्या देशाचा व्हिसा रद्द होत नाही. नवा पासपोर्ट हातात आला की त्याचे शेवटचे पान उघडून बघा. तिथे जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो. दोन्ही पुस्तिका एकाच माणसाच्या आहेत, हे त्या ओळीवरून पटते.

विमानतळावर

तिकिटासाठी नव्या पासपोर्टचा नंबर द्या. मुंबईच्या काउंटरवर दोन्ही पासपोर्ट एकदमच पुढे करा, आणि दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा; सामानाच्या बॅगेत जुना गेला की फजिती होते. तिकडे उतरल्यावर अमेरिकी अधिकारी जुन्यातला व्हिसा बघतो आणि प्रवेशाची नोंद नव्या पासपोर्टवर करतो.

लग्नानंतर नाव बदलले असेल तर

नवा पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि व्हिसा माहेरच्या नावाचा असेल, तर अमेरिकेचे परराष्ट्र खाते नवा व्हिसा घ्यायलाच सुचवते. माझेही तेच सांगणे आहे. परक्या मुलखात एकट्या मुलीने विवाहाचा दाखला पुढे करून वाद घालत बसण्यापेक्षा ते बरे.

इतर देशांत

कॅनडाचा कागदी व्हिसाही दोन पासपोर्टांसह चालतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला नसतोच. तो संगणकात पासपोर्टच्या नंबराशी जोडलेला असतो, म्हणून नवा नंबर त्यांना आधी कळवावा लागतो. ब्रिटनच्या ई-व्हिसाचेही तसेच.

आखातात कामाला असलेल्या पोरांनी विशेष लक्ष द्यावे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये पासपोर्टातला निवासी स्टिकर बंद केला, आता तिथले ओळखपत्रच निवासाचा पुरावा. सुट्टीत गावी येऊन पासपोर्ट बदलला, तर परतीचे तिकीट काढण्याआधी मालकाकडून नव्या नंबराची नोंद कशी होणार ते विचारून घ्या, आणि तोवर जुना पासपोर्ट आईच्या ट्रंकेत न ठेवता स्वतःजवळ ठेवा.