भोंगा थांबला, आता कोणत्या दाराने आत जायचे?

परळ-लालबागच्या चाळीत एके काळी घड्याळाची गरज नव्हती. गिरणीचा भोंगा वाजला की आई स्टोव्ह पेटवी, बाप डबा उचली आणि पहिल्या पाळीची माणसे जिना उतरू लागत. आज त्याच रस्त्याने चालत जा. एखादे धुराडे अजून दिसते, बाकी सगळीकडे काचेच्या उंच इमारती. सकाळी त्याच फाटकातून आपल्या घरातला मुलगा आत जातो. पण बहुतेक वेळा कंत्राटी पहारेकऱ्याचा किंवा सफाईचा गणवेश घालून. शहर बदलले, हे खरे. पण बदललेल्या शहरात आपण कोणत्या दाराने शिरलो, याचा विचार प्रत्येक घरात व्हायला हवा.

धाग्यापाशी अडलेले दार

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गिरणीत आपल्या माणसांना मुख्यतः रिंग खात्यात काम मिळे. विणकामाच्या खात्यात पगार जास्त, पण तिथे मज्जाव. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावटा एक, मालक एक, पिळवणूक एक. पण धागा मात्र वेगळा! १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. भाकरीच्या लढ्यात बरोबर यायचे, तर बरोबरीने कामही मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

जमीन सोन्याची झाली, कामगार कुठे गेला?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; गिरण्या मात्र एकामागून एक बंद होत गेल्या. बायकांच्या अंगावरचे मणी-डोरले गहाण पडले. कुणी गावी गेले, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली.

इकडे जमिनीचा भाव वाढला. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक भाग घरांसाठी म्हाडाला आणि एक भाग मालकाला, असे ठरले होते. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, बांधकाम पाडून मिळणाऱ्या जागेची नाही, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा बदल कायम ठेवला. एका ओळीच्या फेरफाराने लोकांच्या वाट्याची एकरच्या एकर जमीन आटली. सरकारी नियम वाचणारी माणसे आपल्या घरात का हवीत, ते यावरून कळावे.

कागद जपा

म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस पात्र धरले गेले. दीड लाखाहून अधिक अर्ज आले. घरे त्या मानाने फारच थोडी. पण पुष्कळांची वाट कागदापाशीही अडली. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ईएसआयसीचा नंबर यांतले काय हाती आहे, ते आजच ट्रंक उघडून पाहा. म्हातारीने फडक्यात बांधून ठेवलेला पिवळा कागद रद्दीत टाकू नका.

खोलीचे घर झाले

वरळी, नायगाव, डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींत आपल्या समाजाची मोठी वस्ती. शंभर वर्षांपूर्वीच्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे राहिली, संडासासाठी रांग लावली, गॅलरीतल्या दिव्याखाली मुले शिकली. पुनर्विकासात त्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य द्यायचे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्यांच्या आजोबांना गावात वेशीबाहेर राहावे लागले, त्यांच्या नातवंडांच्या नावावर मुंबईच्या मध्यात घर! ही मोठी संधी आहे.

पण धोकाही तिथेच उभा आहे. उंच इमारत म्हणजे लिफ्ट, पंप, पहारेकरी. आणि या सगळ्यांचा खर्च. खोलीचे भाडे ज्या पगारात निघत होते, त्यात हा खर्च बसेलच असे नाही. मग दलाल दारात येतो, मोठा आकडा सांगतो. घर विकून लांबच्या उपनगरात गेलेले कुटुंब पुन्हा या भागात घर घेऊ शकेल काय? पैसा लग्नात, गाडीत आणि दवाखान्यात संपतो. घर गेले की मुलांची शाळा आणि आईची कामाची ठिकाणेही दूर जातात.

म्हणून घरात बसून चार गोष्टी ठरवा. घराच्या कागदावर पत्नीचे नाव लावा. महिन्याच्या पगारातून देखभालीचे पैसे आधी बाजूला काढा. सोसायटीच्या सभेला जा, हिशेब मागा. आपल्या बायकांनी समितीत बसावे. आणि चाळीची गॅलरी गेली तरी मुलांना एकत्र बसून अभ्यास करायला एक खोली मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरा.

विणकामाचे खाते धाग्यापाशी बंद होते. आजच्या काचेच्या दारावर तशी पाटी नाही. तिथे पदवी विचारतात, हुन्नर विचारतात, इंग्रजी विचारतात. मिळालेले घर हे त्या दाराची पहिली पायरी आहे. पायरीच विकून टाकली, तर मुलांनी चढायचे कशावरून?