निवडुंगाच्या जागीं परसबाग

घरापुढच्या अंगणाला तुळशीवृंदावनाचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेचा धाक असतो. मागच्या परसाला तो नसतो. म्हणूनच सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांच्या मागें फुटकीं कौलें, विटांचे तुकडे, मोरीचें पाणी आणि त्या पाण्यावर माजलेलीं झुडपें असा पसारा वर्षानुवर्षें साठत जातो. मग एखाद्या जूनमध्यें घरधन्याच्या मनांत बागेची हौस उत्पन्न होते. गुलाबाचीं दहा-बारा कलमें आणून लावलीं जातात, पावसाळ्यांत तीं तरारतात, आणि चैत्र उलटला कीं त्यांतलीं दोन उरतात. दोष बहुधा कलमांचा नसतो. पडीक जागेची बाग करणें हें काम मुळांतच उलट्या क्रमानें चालतें. आधीं सफाई, मग पाणी, मग माती. फुलांची पाळी सर्वांच्या मागून.

याचें मोठ्या प्रमाणावरील उदाहरण याच मुलखांत आहे. बेळगांवांतील जागा सोडावी लागल्यावर १९१० च्या मार्चमध्यें लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला नांगरांचा कारखाना घेऊन कुंडल रोड स्टेशनाजवळ आले. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें होतें. ही जागा म्हणजे निवडुंगानें आणि सापांनीं भरलेला ओसाड माळ. पुढें तेथें किर्लोस्करवाडी वसली, स्टेशनासहि तेंच नांव मिळालें, आणि माळाच्या जागीं घरें, झाडी व बागा उभ्या राहिल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनीं आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’, म्हणजे निवडुंग आणि गुलाब, असें नांव दिलें. लक्ष्मणरावांना स्वतःला सर्व रंग नीट ओळखतां येत नसत. त्यामुळेंच त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत रंगकाम सोडून यंत्रांच्या रेखनाकडे वळावें लागलें. अशा पुरुषाच्या वसाहतीची आठवण गुलाबाच्या नांवानें राहावी, हा योगायोग मोठा गमतीचा खरा.

औंध संस्थानांतील ही वाडी आज सांगली जिल्ह्यांत मोडते. १९४९ मध्यें झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यालाच १९६० पासून सांगली हें नांव मिळालें.

निवडुंग काढणें हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. त्याचें जें पान म्हणून दिसतें तें वस्तुतः खोड होय, आणि त्याचा तुकडा ओल्या मातीवर पडला कीं त्याला मुळें फुटतात. कोयत्यानें तोडून कुंपणाबाहेर फेकलेला निवडुंग म्हणजे पुढल्या वर्षासाठीं केलेली लागवडच. तो वाळवून जाळावा लागे किंवा खोल पुरावा लागे. १९१० मध्यें कुदळ आणि मनगट यांवांचून दुसरें साधन नव्हतें. पुढें १९२६ मध्यें श्रीलंकेहून दक्षिण हिंदुस्थानांत कोचिनील जातीचा एक किडा आणण्यांत आला. त्यानें निवडुंगाचा रस शोषून थोड्याच वर्षांत त्याचीं बनें नाहींशीं केलीं. आजच्या परसांत त्याची जागा घाणेरीनें आणि गाजरगवतानें घेतली आहे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वींच, तेंहि हातमोजे घालून, मुळासकट उपटावें. बीं धरल्यावर उपटणें म्हणजे पेरणीच.

सफाई झाली कीं पाण्याचा हिशेब करावा, आणि तो जूनमध्यें न करतां वैशाखांत करावा. विहिरीला किंवा नळाला त्या महिन्यांत बागेसाठीं जितकें पाणी सुटेल, तितकीच बाग आपली. एकट्या सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यांत जेमतेम पांचशेंच्या आसपास. तेव्हां शेजारच्या गांवचा अनुभव येथें उपयोगीं पडेलच असें नाहीं. न्हाणीचें पाणी मात्र प्रत्येक घरीं असतें. तें चर काढून केळ, अळू आणि कर्दळ यांच्याकडे वळविलें म्हणजे चिखल जातो व भाजीहि मिळते.

जमिनीचा प्रश्न साताऱ्यास एक, तर सांगलीस दुसरा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील परसांत मुरूम वर आलेला असतो. पाणी धांवत जातें आणि माती सोबत नेतें. तेथें दगडांची ताल घालून पाणी अडवावें आणि खड्ड्यांत गाळाची माती भरावी. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत उलट प्रकार. पाणी मुरतें पण निघत नाहीं. मुळें कुजतात, क्षार वर येतात. अति पाण्यानें खारावलेलीं शेतें सांगलीकरांना नवीं नाहींत. तेथें निचऱ्याचा चर आधीं, मग उंच वाफे. साताऱ्याचा उपाय सांगलीस केला तर झाडें बुडून मरतात.

पहिल्या पावसाळ्यांत सबंध परसांत ताग पेरावा आणि फुलावर येण्याच्या सुमारास जमिनींत गाडावा. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं आणि शेजारी हंसतात; तरी हें वर्ष फुकट गेलें असें समजूं नये. उकिरड्याचेंहि रूप बदलावें. इंदूर येथें सर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनीं पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून, ढीग ठराविक दिवसांनीं पालथा करीत, सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली आणि १९३१ मध्यें ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. घरच्या दोन लहान खड्ड्यांतहि ती साधते. एक भरत असतां दुसरा पिकतो.

दुसऱ्या वर्षीं भेंडी, गवार, मेथी आणि कुंपणाशीं शेवगा. तिसऱ्या वर्षीं लिंबू, पेरू, कढीलिंब, जाई. गुलाब चौथ्या वर्षीं लावला तरी उशीर होत नाहीं. तोंवर माती भुसभुशीत झालेली असते आणि पाण्याचा अंदाजहि आलेला असतो.

सहाव्या-सातव्या वर्षीं एक नवी अडचण उभी राहते, आणि ती यशांतूनच येते. पेरूची सावली वाफ्यांवर पडूं लागते. भेंडी उंच वाढते पण धरत नाहीं, गुलाब पानांवरच राहतो. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानें मोठीं झाडें आरंभींच उत्तरेच्या कुंपणाकडे लावलेलीं बरीं. ज्यांनीं तीं दक्षिणेस लावलीं असतील त्यांनीं झाडावर कुऱ्हाड न घालतां भाजीचे वाफे उन्हांत हलवावे, आणि सावलीच्या पट्ट्यांत हळद, आलें व अळू लावावें.